दोन्हीकडून सरकणारा तुकडा

५ ऑक्टोबर

यंत्र आलं. दोघा जणांनी खोकं जिन्यावरून वर आणलं आणि मागच्या खोलीत, बाबांच्या नकाशांच्या मेजाशेजारी ठेवलं. खोक्यावर 'ही बाजू वर' असं लिहिलं होतं आणि ती बाजू खाली होती. मी सांगितलं. ते म्हणाले, ताई, काही होत नाही. खोकं उघडून सगळं जागच्या जागी दिसेपर्यंत मी तिथून हलले नाही.

स्क्रोल सॉ म्हणतात त्याला. दोऱ्याएवढं बारीक, दातेरी पातं वरून आणि खालून पकडून ताठ धरलेलं असतं आणि ते भराभर खाली-वर होतं. पातं जागा सोडत नाही, आपण लाकूड फिरवायचं. पानं, फुलं, अक्षरं, हवं ते कापता येतं म्हणे. आईने दारातून पाहिलं आणि शिवणयंत्राचा थोरला भाऊ आला असं जाहीर केलं.

बाबा उन्हाळ्यात निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी कार्यालयात शहराचे नकाशे काढले, शेवटची काही वर्षं संगणकावर, पण त्याआधी सगळे हाताने. रेघ मारायची असेल तर पट्टी शोधण्यापेक्षा यांना शोधा, असं त्यांचे साहेब म्हणायचे. निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्राच्या कडेला रेघा ओढत बसायचे. आता लाकूड कापतील. मला आनंद व्हायला हवा आणि थोडा झालाही आहे.

७ ऑक्टोबर

यंत्रवाले काका आज शिकवायला आले. मी कामावरून, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतून, अर्धी सुट्टी घेतली. बाबांनी भुवई उंचावली.

पात्याचा ताण कसा ठेवायचा ते काकांनी दाखवलं. पुढे एक खटका आहे. काम झालं की तो वर करायचा, पातं ढिलं पडतं. काम सुरू करताना खाली दाबायचा, पातं पुन्हा ताठ. आणि मागे एक गोल फिरकी आहे, तिच्यावर ताण किती ते ठरतं. ती एकदा लावली की सहसा हात लावायचा नाही. काकांनी बोटाने पातं छेडलं. तारेसारखं वाजलं, स्वच्छ आणि बारीक. असं वाजलं पाहिजे, ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे काकांना कुठून माहीत असणार? घड्याळाचा गजर त्यांच्या उशाशी वाजत राहतो आणि उठते आई.

मी विचारलं, पातं तुटतं का?

"तुटतं की अधूनमधून," काका म्हणाले. "पण फार उडत नाही."

फार म्हणजे किती, असं मी विचारलं. ते हसले. बाबाही हसले.

१० ऑक्टोबर

यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका तीनदा वाचली. तिच्यात एका हाताचं चित्र आहे आणि त्यावर लाल फुली. डोळ्याचंही आहे. बाबांसाठी दोन चष्मे आणले, एक घालायला आणि एक पहिला सापडला नाही तर. आई म्हणाली, आलं आमचं काळजीवाहू सरकार.

लहानपणी मला दम्याचा त्रास होता म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आईने वाचायला शिकवलं, आत्याने अक्षर वळवलं, बाकी सगळं बाबांनी. त्यांचा एक नियम होता. वहीत एका ओळीत पाहिलेलं लिहायचं आणि दुसऱ्या ओळीत वाटलेलं. दोन्ही एकाच ओळीत लिहिलं की पान परत. आज तसंच लिहून पाहते.

पाहिलं : बाबांनी पिंपळाचं पान कापलं. शिरांसकट. बोटं पात्यापासून पेरभर अंतरावर होती.

वाटलं : पेरभर म्हणजे काहीच नाही.

१३ ऑक्टोबर

बाबांना काम मिळालं! कोपऱ्यावरच्या वाचनालयात मुलांसाठी वेगळी खोली होते आहे. ग्रंथपालबाईंनी पिंपळपान पाहिलं आणि शहराचा नकाशा लाकडात करून द्याल का, असं विचारलं. प्रत्येक वस्तीचा एक तुकडा, मुलांनी जुळवायचा. खोली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडणार. बाबा घरी आले ते थेट मेजावर. दुपारचं जेवण निवलं. जेवताना त्यांनी मला समजावलं की खरा तुकडा दोन्हीकडून सरकला पाहिजे. वरून दाबला तर खाली निघावा, खालून दाबला तर वर. एकीकडून अडला तर कापणाऱ्याची चूक.

त्यांना इतकं बोलताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आता ते रोज तासन्‌तास त्या पात्यासमोर बसणार.

१४ ऑक्टोबर

मी एक गोष्ट केली. चूक नसावी.

गच्चीवर कपड्यांची तार बाबांनी ताणून ताणून बांधली होती. एकदा ती तुटली आणि आईच्या खांद्यावर वळ उठला. तेव्हापासून तार सैल बांधतो, कधी तुटली नाही. ताणलेलं तुटतं, सैल असेल ते तुटत नाही, यात न समजण्यासारखं काय आहे? काका विकणारे आहेत. पाती जितकी तुटतील तितकी विकली जातील.

बाबा आंघोळीला गेल्यावर मी मागची फिरकी थोडीशी सैल केली. अगदी थोडी. मग खटका दाबून पातं छेडलं. आवाज खाली आला होता, जरा जाड झाला होता. बरं वाटलं. खटका पुन्हा वर केला. बाबांनी नंतर तो दाबला, नेहमीसारखाच बसला, त्यांना काही कळलं नाही.

त्यांना सांगावं का? सांगितलं तर हसतील आणि परत आवळतील.

१८ ऑक्टोबर

नदीचा काठ आज चुकला. बाबा म्हणाले, फळीत गाठ असेल. फळी उलटीसुलटी करून पाहिली. मला गाठ दिसली नाही, पण मला लाकडातलं काय कळतं.

२२ ऑक्टोबर

आज रेल्वे वसाहतीचा तुकडा वरून सरकला, खालून अडला. पेठेचाही तसाच. बाबांनी कानशीने घासून पाहिलं, मग दोन्ही तुकडे बाजूला ठेवले आणि नवी फळी घेतली. आई म्हणाली, मुलं घालतील हो ठोकून. बाबा म्हणाले, मुलं ठोकतील म्हणून मी चुकीचं द्यायचं का? आवाज चढला नव्हता, पण आई आत निघून गेली.

संध्याकाळी ते खिडकीशी उभे राहून स्वतःचे हात पाहत होते. आधी तळवे, मग उलटे.

२३ ऑक्टोबर

पाहिलं : चहा पिताना बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला.

वाटलं : लिहायला धीर होत नाही.

हात कापत असेल तर पेरभर अंतर कसं पुरणार? दुपारी फिरकी आणखी सैल केली. आता छेडलं की वाजत नाही, नुसतं 'टप' होतं. सकाळपासून छातीत धडधड होती, ती त्यानंतर थोडी कमी झाली. तुटण्याची भीती तरी गेली.

२६ ऑक्टोबर

आज एकही तुकडा धड नाही. बाबा रेघेवरून जायला बघतात आणि पातं रेघ सोडून जातं. मी दारात उभी होते. त्यांनी यंत्र बंद केलं आणि मागे न वळता म्हणाले, "तू उभी असलीस की मला वाटतं मी परीक्षेला बसलोय." मी स्वयंपाकघरात गेले. तिथे माझ्या हातून दुधाचं भांडं सांडलं. आई ओटा पुसताना माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा निवृत्त झालेत, तू नाही झालीस, कामावर जा.

गेले. रक्ताच्या सगळ्या नळ्यांवरची नावं दोनदा ताडली आणि मग एकदा पुन्हा.

३० ऑक्टोबर

आत्या आली होती. बाबांची धाकटी बहीण, पण बोलताना थोरली असते. मागच्या खोलीत फिरून, नासलेल्या तुकड्यांचा ढीग पाहून ती म्हणाली, दादा, शेगडीची सोय झाली हो. बाबा हसले नाहीत. जाताना जिन्यात तिने मला थांबवलं. आजोबांचा हात असाच गेला, म्हणाली. आधी सही बिघडली, मग घास. तेव्हा ते साधारण दादाच्याच वयाचे होते.

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं.

फिरकी तपासली. जिथे ठेवली होती तिथेच आहे. आणखी थोडी सैल केली.

३ नोव्हेंबर

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे ते स्वतःच निघाले, मी बरोबर गेले. डॉक्टरांनी हात समोर धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. हात जरा जरी हलला तरी कागदाची कड थरथरते म्हणे. थरथरली नाही. चालून दाखवा, बटण लावा, गोल काढा. बाबांनी गोल काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा तर कंपासने काढल्यासारखा आहे.

"कागदावर येतं," बाबा म्हणाले. "लाकडात येत नाही. सुरुवात अशीच होते ना?"

मग त्यांनी आजोबांचं सगळं सांगितलं. घास कोण भरवायचं तेही. मी शेजारच्या खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, आज तरी मला काही दिसत नाही, दोन महिन्यांनी परत या. 'आज तरी' हे शब्द बाबांनी घरी येईपर्यंत दोनदा म्हटले.

६ नोव्हेंबर

बाबा आता चहा गाळत नाहीत. दाढी करताना दार लावून घेतात आणि फार वेळ लावतात. काल त्यांनी आपली जुनी रेखणी, पेनं, कोनमापक मऊ फडक्यात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, धूळ बसते.

वाचनालयात निरोप गेला आहे की दुसरा कोणी बघा. यंत्रवाले काका दहा तारखेला यंत्र परत न्यायला येतील. मला सुटल्यासारखं वाटायला हवं. यंत्र जाणार, बोटं राहणार. मग मला असं का होतंय? दुपारी जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर

नकाशा टाकून देण्याआधी निदान कागदावर तरी उतरवून ठेवावा असं वाटलं. बाबा फिरायला गेले होते. मी त्यांच्या मेजावर बसले आणि एकेका तुकड्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, आधी वरची बाजू ठेवून, मग खालची, कारण बाबांनी शिकवलं होतं की वस्तू काढायची तर दोन्हीकडून काढायची.

खालच्या बाजूचा कागद उलटा करून दोन्ही आकृती खिडकीच्या काचेवर एकमेकींवर धरल्या. जुळल्या नाहीत.

मला वाटलं माझी पेन्सिल सरकली. पुन्हा काढल्या. पेठेचा तुकडा वरून सरळ आहे आणि खालून फुगलेला. नदीचा काठ वरून एक, खालून दुसरा. सगळे तसेच.

हात कापला तर लाकूड हलेल. पण सगळंच लाकूड हलेल, वरचं आणि खालचं एकदम. रेघ चुकेल, तर दोन्हीकडे सारखीच चुकेल. वर एक आणि खाली दुसरं, हे हाताने होत नाही. हे पातं मधे वाकलं तरच होतं.

पातं वाकतं कधी?

सगळ्यात आधीचं पिंपळपान शोधून काढलं. त्याच्या दोन्ही बाजू काढल्या. काचेवर धरल्या तर एकच रेघ दिसली.

पाहिलं : वर लिहिलं आहे ते.

वाटलं : हे मी केलं.

९ नोव्हेंबर

सांगितलं नाही. सकाळी सांगणार होते, तर बाबा आईला घराचे कागद कुठे ठेवले आहेत ते दाखवत होते. लक्षात ठेव हं, असं म्हणत होते, सहज, जणू गावाला जाताना गॅस बंद करायचं सांगावं. आई नुसती हो हो करत होती. दुपारी सांगणार होते, ते झोपले. मनात असंही आलं की गुपचूप फिरकी आवळून टाकावी. ते एकदा कापून बघतील, नीट येईल, चमत्कार झाला म्हणतील. कुणाला काही कळायला नको. हे मनात आलं, म्हणून लिहिते आहे.

पण मग ते प्रत्येक वाकड्या रेघेला आयुष्यभर घाबरतील.

उद्या काका येणार.

१० नोव्हेंबर

सांगितलं.

नाश्त्याच्या वेळी. आधी काचेवर धरलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले, कारण मला वाक्यं सुचेनात. बाबांनी चष्मा बदलला. वरचा कागद सरकवून पाहिला, मग खालचा. मला काही म्हणायची गरजच पडली नाही, ते स्वतःच पुटपुटले, पातं वाकतंय. मग म्हणाले, पण ताण तर मी बदलला नाही.

"मी बदलला," मी म्हणाले. "तुटेल म्हणून. तुमचं बोट... मी सैल करत गेले."

आई उभी होती ती खुर्चीत बसली.

बाबांनी विचारलं, केव्हापासून? मी सांगितलं. डॉक्टरांकडे गेलो त्याच्या आधी? हो. डॉक्टरांच्या खोलीत तू बसली होतीस तेव्हा? तेव्हा मला ठाऊक नव्हतं, मी म्हणाले, आणि हे खरं आहे, पण ऐकायला किती वाईट वाटतं.

त्यांनी दोन्ही हात मेजावर ठेवले, तळवे वर, आणि बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे परत आलेले बघावेत तसे. मग खुर्ची मागे सारून ते मागच्या खोलीत गेले. दार लागलं.

मी रडायला लागले तेव्हा आईने, डॉक्टरांनी बाबांना सांगितलं तसे, माझे हात समोर धरायला लावले आणि वर्तमानपत्राचा तुकडा फाडून त्यांवर ठेवला. तो असा फडफडला की खाली पडला.

"कुणाला न्यायचं होतं डॉक्टरांकडे आणि कुणाला नेलं," आई म्हणाली.

दुपारी यंत्रवाले काका आले. दारातूनच आईने त्यांना परत पाठवलं. यांनी विचार बदललाय, म्हणाली. बाबांना विचारलं नव्हतं.

११ नोव्हेंबर

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. रागावलेत असं नाही, रागावलेत असंच आहे. जेवताना आईकडे मीठ मागितलं, ते माझ्यासमोर होतं. संध्याकाळी मी मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले तेव्हा एवढंच म्हणाले, "बोट तुटलं असतं तर मला कळलं असतं काय तुटलं. हे काय होतं मला कळतच नव्हतं." मी म्हणाले, हो. ते म्हणाले, जा.

त्यांचं बरोबर आहे. मी बोटांवरच डोळे लावून बसले होते.

१३ नोव्हेंबर

आज सकाळी मागच्या खोलीतून हाक आली. "इकडे ये. आणि चष्मा घालून ये."

दोन चष्मे होतेच. बाबांनी मला यंत्रापुढच्या स्टुलावर बसवलं. फिरकी आवळायची, म्हणाले, तूच सैल केलीस, तूच आवळ. मी थोडी फिरवली. त्यांनी पातं छेडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाजलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. पहिल्या दिवशी काकांपुढे मान हलवली तेव्हाही नाही. आणि हे मला माहीत होतं, मी स्वतः इथे लिहून ठेवलं होतं.

नाही वाजलं, मी म्हणाले. टप झालं.

"मग अजून."

अजून फिरवली. आवाज थोडा वर आला. तुटेल, मी म्हणाले. ते म्हणाले, तुटलं तर पाकिटात आहेत. अजून. माझ्या बोटांना घाम सुटला होता, फिरकी निसटत होती. अजून. शेवटी छेडलं तेव्हा वाजलं, त्या पहिल्या दिवसासारखं, स्वच्छ आणि बारीक. मी मान हलवली. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघून घेतलं, मग मला उठवून स्वतः बसले.

नव्या फळीवर नदी काढलेली होती. त्यांनी पहिलं वळण घेतलं. डोळे मिटू नयेत म्हणून मी त्यांच्या हातांकडे नाही, रेघेकडे पाहत राहिले. लाकूड त्यांच्या बोटांखाली पाण्यावर फिरावं तसं फिरत होतं. दुसरं वळण. तिसरं, पुलाजवळचं, सगळ्यात अरुंद.

टक.

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. यंत्र थांबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बाबा ओरडले नाहीत, काही पडलं नाही. मी बोटांच्या फटीतून पाहिलं. पात्याचा वरचा अर्धा भाग पकडीतच होता. खालचा अर्धा लाकडात अडकून उभा होता, नदीच्या मधोमध, नांगर टाकल्यासारखा.

बाबांनी मेजावरून पट्टी घेतली. खालच्या अर्ध्याच्या तुटलेल्या टोकापासून वरच्या अर्ध्याच्या टोकापर्यंत ती धरली आणि मला दाखवली. जेमतेम पेरभर.

"फार म्हणजे एवढं," ते म्हणाले. "लिहून ठेव, पाहिलं या ओळीत."

मग पाकिटातून नवं पातं काढून त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवलं. ते इतकं हलकं होतं की हात थरथरतोय हे त्याच्याकडे पाहून कळत होतं. बाबांनीही ते पाहिलं. त्यांनी दिव्याची मान माझ्या बाजूला वळवली आणि हात मागे घेऊन बसले. घाई नव्हती. खालचं टोक दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. वरचं बसवलं. मी खटका दाबला, फिरकी आवळली, पातं छेडलं आणि कान जवळ नेला.

जेवणाच्या आत नदी कापून झाली. काठाचा तुकडा बाबांनी फळीत जागेवर बसवून माझ्यापुढे ठेवला. मी वरून दाबला, तो खाली निघाला. खालून दाबला, वर निघाला.